धंद्यात माणसांचे 'टाइप' ओळखून खरंच काही फरक पडतो का?

डाळवाली_लेक

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. वडील आणि काकांनी उभी केली, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. म्हणजे बघतो असं आम्ही म्हणतो, अडत्यांचे फोन अजून वडिलांनाच येतात.

मागे इथल्या उद्योजकांच्या एका कार्यक्रमात पुण्याहून आलेल्या ट्रेनर मॅडमनी 'डिस्क' नावाचा प्रकार शिकवला. माणसं चार तऱ्हेची. डी म्हणजे धडाक्यात निर्णय घेणारी, आय म्हणजे बोलकी, माणसं जोडणारी, एस म्हणजे शांत, सांभाळून घेणारी आणि सी म्हणजे नियम, आकडे, बारकावे बघणारी. लक्षात राहावं म्हणून लाल, पिवळा, हिरवा, निळा असे रंगही दिले होते. हॉलमध्ये बसल्या बसल्या मला आख्खी मिल रंगीत दिसायला लागली. वडील लालभडक. चुलतभाऊ निळा. मुनीमजी हिरवे, इतके हिरवे की वसुलीला गेले तर चहा पिऊन परत येतात.

आमचं भांडण नेहमीचं आहे. वडील फोनवर दोन मिनिटांत ट्रकभर तुरीचा सौदा करून मोकळे होतात. भाऊ म्हणतो आधी नमुना येऊ द्या, ओल मोजू, उतारा (किती डाळ निघते ते) काढू, मग बोला. कधी नमुना येईपर्यंत भाव निघून जातो, कधी सौदा करून बसल्यावर माल ओला निघतो. दोन्ही वेळा घरातले दोन पुरुष पुढचे आठ दिवस माझ्यामार्फत बोलतात.

आता मॅडमचं म्हणणं, सगळ्यांची टेस्ट करू, ऑफिसपासून हमालांपर्यंत, माणशी रिपोर्ट देऊ. खर्च आहे. कोणी केलंय का असं? उपयोग होतो की दोन दिवस मजा आणि मग जैसे थे?

भरीतपार्टी

ताई, आमच्या दाणाबाजारात दोनच टाइप. एक उधारी देणारा, दुसरा उधारी बुडवणारा. यासाठी पुण्याहून माणूस बोलवावा लागत नाही.

सावद्याचे_आबा

केळीच्या धंद्यात उभा जन्म गेला. कापणीची टोळी, गाडीवाले, बुऱ्हाणपूरचे व्यापारी, आता आखातात माल पाठवणारे एक्स्पोर्टवाले, सगळ्यांशी पडतं. टेस्ट कोणाची केली नाही. बागेत माणूस कसा फिरतो त्यावरून कळतं. एक व्यापारी बांधावरूनच भाव बोलतो, दुसरा आत शिरून घडाच्या फण्या मोजतो, घेर बघतो. पहिल्याला लांबण लावलेली चालत नाही. दुसऱ्याला घाई केली की तो समजतो मालात खोट आहे. हे शिकायला रंग कशाला? बाकी हे वर्तमानपत्रातल्या राशीभविष्यासारखं वाटतं मला. 'तुम्ही मनाने हळवे पण बाहेरून कठोर आहात.' कोण नाही म्हणेल?

अमळनेरकर_पुण्यात

आबा, तुम्ही जे सांगितलंत तेच डिस्क शिकवतं, फक्त पैसे घेऊन :)

मी एचआरमध्ये आहे, अशा कार्यशाळा भरवल्यात आणि भोगल्याही आहेत. थोडी पार्श्वभूमी. डिस्कचं मूळ विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ च्या पुस्तकात आहे. त्याने चाचणी बनवली नव्हती, फक्त कल्पना मांडली. प्रश्नावल्या नंतर इतरांनी काढल्या. रक्तदाबावरून खोटं पकडायच्या प्रयोगांतही हाच होता आणि वंडर वुमन हे कॉमिकमधलं पात्रही याचंच.

दुसरी गाजलेली चाचणी एमबीटीआय. कार्ल युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख वगैरे प्रकार मांडले, त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या दोघींनी ती बांधली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. चार जोड्या, त्यातून सोळा प्रकार. आयटीतली पोरं बायोडाटात स्वतःचा चार अक्षरी टाइप लिहितात ते यातलंच.

उपयोग होतो का? माझा अनुभव: साध्या गोष्टींत होतो. आमच्या टीममध्ये एक मुलगी मीटिंगमध्ये अवाक्षर काढायची नाही. सगळे समजायचे हिला काही येत नाही. मग विषय आदल्या दिवशी पाठवायला लागलो, तर ती चार ओळी लिहून आणायची आणि त्याच चार ओळी सगळ्यांत कामाच्या असायच्या. काहींना बोलता बोलता सुचतं, काहींना सुचल्याशिवाय बोलता येत नाही. एवढं कळलं तरी फी वसूल.

भरीतपार्टी

आमच्या घरी तिसरा टाइप आहे. न सुचताच बोलणारा. तो मी.

धुळ्याचे_सर

कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो म्हणून राहवत नाही. आबांनी राशीभविष्य म्हटलं ते गमतीत, पण नेम अचूक लागलाय. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं स्वतंत्र व्यक्तिचित्र' म्हणून एक कागद दिला. किती जुळतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो त्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवला होता. तेव्हा रिपोर्ट वाचून 'अगदी मीच!' वाटणं हा रिपोर्ट खरा असल्याचा पुरावा नव्हे.

दुसरा मुद्दा. माणसं प्रकारांत पडत नाहीत. उंची मोजली तर गावात 'उंच' आणि 'बुटके' असे दोन गट सापडत नाहीत, बहुतेक लोक मधेच असतात. स्वभावाचंही तसंच आहे. एमबीटीआयमध्ये मधल्या रेघेच्या जरा इकडचा 'अंतर्मुख', जरा तिकडचा 'बहिर्मुख'. म्हणून काही आठवड्यांनी परत चाचणी दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं.

संशोधनात टिकलेलं मॉडेल पाच गुणांचं आहे: नव्याची ओढ, कामातला चोखपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. यात खण नाहीत, प्रत्येक गुणाची पट्टी आहे. बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी केली. जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कामांत कामगिरीशी संबंध दिसला तो चोखपणाचा. बहिर्मुखतेचा दिसला तो व्यवस्थापक आणि विक्रीच्या कामांत. तोही संबंध माफकच आहे, त्यावरून एकेका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

फलाट_नंबर_तीन

भुसावळ. रेल्वेतून निवृत्त. आमच्याकडे असिस्टंट लोको पायलट आणि स्टेशन मास्तर व्हायला सायको टेस्ट असते. पोरं तिला घाबरतात. लोको पायलटवाल्याला प्रत्येक चाचणीत टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेतला गुण) ४२ लागतो, एकीत कमी पडला की बाहेर. पण ती स्वभावाची नाही. लक्ष किती टिकतं, डोळ्यांनी पटकन टिपता येतं का, सूचना लक्षात राहते का, हे बघतात. गाडी चालवणारा हसतमुख आहे की तुसडा, याच्याशी सिग्नलला घेणं नाही. सरांना विचारायचं होतं, लोक हे दोन्ही एकच समजतात का?

धुळ्याचे_सर

समजतात, आणि विकणारे समजू देतात. तुमची ती क्षमता चाचणी. तिथे बरोबर-चूक उत्तर असतं. स्वभाव-प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल सांगतो आणि आपण ते खरं धरतो. मालकाने भरायला लावली तर विचारूच नका. 'मी वेळेवर काम संपवतो' याला नाही कोण म्हणणार?

तापीकाठचा_राजा

बठ्ठं बराबर शे, पन आमना सालदार काय टेस्ट दीसन येस का?

आमच्याकडे (शिरपूर) आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल ठरतं. आजोबा बोलणी करायचे तेव्हा मी ओट्यावर बसून ऐकायचो. पैसे किती, धान्य किती, कपडे किती, सुट्ट्या कोणत्या, बैलांचं कोण बघणार, रात्री पाणी भरायला जाणार की नाही, सगळं चार माणसांसमोर एकदा बोलून घ्यायचे. आजोबा स्वभावाने जमदग्नी. सालदार मात्र वर्षानुवर्षं तेच. का? कारण काय करायचं आणि काय नाही याबद्दल शंकाच नसायची. रागावले तरी तो म्हणायचा, 'मालक, हाई ठरेल नव्हतं.' आणि आजोबा गप्प बसायचे.

माझा मुद्दा, ताई, तुमच्या घरातलं भांडण लाल-निळ्याचं वाटत नाही मला. ठरलेलंच नाहीये काही.

मिरचीवाली_जाऊ

मी नंदुरबारची. घरी मसाल्याचा धंदा आहे, मी आणि मोठ्या जाऊबाई मिळून चालवतो. इथे सगळे पुरुष टेस्टला नावं ठेवतायत म्हणून लिहितेय.

आमच्याकडे बचत गटाच्या प्रशिक्षणात असंच काहीसं झालं होतं, साधीच प्रश्नावली होती. जाऊबाई लाल निघाल्या, मी हिरवी. शास्त्र किती खरं ते सरांनी सांगितलंच, माझी काही तक्रार नाही. पण मोठ्या जावेला तोंडावर 'तुम्ही गिऱ्हाइकासमोर माझ्यावर ओरडता' असं आमच्या घरात कोण बोलणार? लग्न होऊन आले तेव्हापासून मनात होतं. प्रशिक्षणानंतर एकदा पथारीवर मिरची वाळत होती, त्यांचा आवाज चढला, आणि मी म्हटलं, 'ताई, लाल होताय.' त्या हसल्या! मिरचीकडे बघून म्हणाल्या, 'इथे सगळंच लाल आहे.' पण आवाज उतरला. आता त्याच कधी कधी आधी सांगतात, आज माझा पारा चढलाय, माल मोजायचं उद्या बघू.

नात्यात धाकटेपण असतं. टेस्टने धाकट्याला बोलायला जागा मिळाली. शास्त्र खोटं असलं तरी ही जागा खोटी नाही.

धुळ्याचे_सर

जाऊताई, हे मला पटलं. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सावद्याचे_आबा

मलाही पटलं. पण उलटंही बघितलंय. माझ्या पुतण्याने ऑनलाइन टेस्ट दिली. आता हिशेब मागितला की म्हणतो, 'काका, मी क्रिएटिव्ह टाइप आहे, आकडे माझ्याकडून होत नाहीत.' आधी त्याला निदान लाज वाटायची.

भरीतपार्टी

आबा, पुतण्याचा नंबर द्या. माझा बँकवाला मागे लागलाय, त्याला हेच सांगतो.

कळण्याची_भाकर

मी मालक नाही, नोकरदार. दुसरी बाजू सांगतो. एका कारखान्यात शिफ्टवर होतो, नाव घेत नाही. तिथे सगळ्यांची टेस्ट झाली. सांगताना सांगितलं की फक्त एकमेकांना समजून घ्यायला आहे, रिपोर्ट तुमच्याकडेच राहील. पुढे सुपरवायझरची जागा निघाली. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा घेतला. साहेबाला विचारलं तर म्हणाला, 'तू निळा आहेस ना, माणसं सांभाळायला लाल-पिवळा लागतो.' म्हणजे रिपोर्ट माझ्या फाइलला होता. मी भांडलो असतो तर म्हणाले असते, बघा, रिपोर्टमध्ये लिहिलंच आहे की टीका सहन होत नाही.

डाळवाली ताई, हमालांची टेस्ट करायचं मनात असेल तर आधी सांगा, तो कागद ठेवणार कोण? आणि प्रश्न कुठल्या भाषेत? तुमच्याकडे बिहारचे असतील, पावरा आदिवासी असतील, काहींना वाचता येत नसेल. मुनीमजी वाचून दाखवणार आणि हमाल त्यांच्यासमोर उत्तर देणार, 'मला वरिष्ठांचा राग येतो: कधीच नाही, क्वचित, नेहमी'?

अमळनेरकर_पुण्यात

भाकर भाऊ, तुमच्याबाबतीत झालं ते साफ चूक. एमबीटीआय काढणारे स्वतःच सांगतात की भरती किंवा निवडीसाठी ही वापरू नका. कंपन्या नेमकं ते पान उलटून पुढे जातात. आमच्याकडे नियम केला होता की रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात आणि दाखवायचा की नाही हे त्याने ठरवायचं. तरी लोक कँटीनमध्ये एकमेकांना रंगाने हाका मारायचेच.

मिरचीवाली_जाऊ

जळगावात यंदा ऊन कसंय? इथे पथारीवर पाय ठेववत नाही.

फलाट_नंबर_तीन

भुसावळचं विचारूच नका. फलाटावर पत्रा वरून तापतो, खालून गाडी. या दिवसांत सगळेच टाइप लाल.

डाळवाली_लेक

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. भाकर दादा, हमालांचा विचार रद्द. भाषेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

राजाभाऊंनी 'ठरलेलंच नाहीये' म्हटलं त्यावर विचार करतेय. खरंय, आमच्याकडे खरेदी कोणी कितीची करायची हे कधी कोणी बोललंच नाही. वडील आणि काका दोघे होते तेव्हा गरज नव्हती, एकाच खोलीत बसायचे. पण असं बघा, सिन्नरचा एक गिऱ्हाईक आहे, तिथे हेच वडील अगदी नरम असतात. बँकेत तर मॅनेजरसमोर मुनीमजींपेक्षा हिरवे. आणि निळा भाऊ दिवाळीत पत्ते खेळताना असा खेळतो की विचारू नका, नमुना वगैरे काही बघत नाही! मग टेस्टमध्ये कोणता माणूस भरला जाणार, मिलमधला की बँकेतला?

धुळ्याचे_सर

हा प्रश्न मानसशास्त्रात १९६८ पासून गाजतोय. वॉल्टर मिशेल यांनी तेव्हा म्हटलं की माणसाचं वागणं प्रसंगानुसार इतकं बदलतं की नुसत्या स्वभावगुणावरून ते सांगणं अवघड. त्यावर बरीच वर्षं वाद झाला. ढोबळमानाने आज असं मानतात की एका प्रसंगावरून अंदाज चुकतो, पुष्कळ प्रसंगांची सरासरी काढली तर माणूस बराच सातत्याचा निघतो. म्हणून 'बाबा लाल आहेत' यापेक्षा 'अडत्याचा फोन आला की बाबा घाई करतात' हे वाक्य जास्त कामाचं. त्यावर काही करता येतं.

सावद्याचे_आबा

बेटा, मग फोनचंच बघ ना. घाई वडिलांची की अडत्याची? आमच्याकडे व्यापारी हेच करतो. 'आबा, आत्ता हो म्हणा, दुसरा उभा आहे.' दुसरा कधी उभा असतो, कधी नसतो. जो झटकन निर्णय घेतो तो माणूस कोण हे समोरच्याने आधीच ओळखलेलं असतं. तू पुण्याच्या मॅडमकडून शिकलीस, पण तुझा अडत्या तुझ्या बापाचा टाइप फार आधी शिकला.

तापीकाठचा_राजा

आबा, एक नंबर!

अमळनेरकर_पुण्यात

खरंच. विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात, गिऱ्हाईक लाल असेल तर मुद्द्याचं बोला, पर्याय दोनच द्या, वेळ कमी आहे असं सांगा. निळ्याला कागद द्या आणि आठवडा द्या. तुमचा निळा भाऊ बोलणी करायला बसला तर त्याला दमवायचीही युक्ती असते, एवढे आकडे द्यायचे की तो त्यातच बुडतो.

डाळवाली_लेक

आबा, हे वाचून मी मोठ्याने हसले आणि मग हसू गेलं. जे दोन अडते सकाळी अकराच्या आत वडिलांना फोन करतात तेच दुपारी भाऊ असताना करत नाहीत. बर्माची तूर असो की आपली.

काल जेवताना विषय काढला, रंगांचं नाव न घेता. म्हटलं अमुक इतक्या पोत्यांपर्यंत बाबांनी फोनवर ठरवायचं, कोणी विचारायचं नाही, ओला निघाला तरी टोमणा नाही. त्याच्यावर गेलं तर सौदा बोलायचा पण 'ओल इतक्याच्या वर निघाली तर भाव कापून' हे फोनवरच सांगायचं. भाऊ लगेच म्हणाला ओल मोजायचा मीटर तपासून घ्यावा लागेल. वडील पोत्यांच्या आकड्यावरून अडलेत, त्यांना दुप्पट हवाय. भाऊला निम्मा. मुनीमजी म्हणाले मधला घ्या आणि भाजी वाढून घेतली.

कळण्याची_भाकर

लिहून घ्या आणि सही घ्या. घरातलं असलं तरी.

मिरचीवाली_जाऊ

सही नको बाई, लगेच वडिलांना वाटेल पोरांनी कोर्टात उभं केलं. मुनीमजींच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. ती वही सगळे मानतात ना?

कळण्याची_भाकर

ताई, वही मालकाच्या कपाटात असते. मी नोकरदाराच्या बाजूने बोलतोय. उद्या मुनीमजींनाच विचारलं की कोणाच्या परवानगीने पैसे सोडले, तर ते काय दाखवणार?

डाळवाली_लेक

हा मुद्दा आहे. मुनीमजींना विचारते त्यांना काय सोयीचं ते.

केळीचा_वेफर

उशिरा वाचला धागा. मला फक्त स्वतःसाठी बघायचंय, मालकाला न दाखवता. फुकटात बरी टेस्ट कोणती?

धुळ्याचे_सर

'आयपीआयपी' (IPIP) नावाचा प्रश्नसंच शोधा. पाच गुणांच्या मोजणीचे प्रश्न सगळ्यांना मोफत वापरता येतात, मूळ इंग्रजीत आहेत. निकाल आला की घरातल्या एखाद्याला तुमच्याबद्दल तेच प्रश्न भरायला सांगा आणि दोन्ही ताडून बघा. फरक जिथे असेल तिथलं वाचण्यासारखं असतं.

भरीतपार्टी

सर, बायकोला भरायला दिली. तिने मागच्या बाजूलाही लिहिलंय. डाळवाली ताई, ट्रेनर मॅडमचं काय झालं?

डाळवाली_लेक

वडिलांना विचारलं. म्हणाले, 'फी किती ते आधी सांग.' भाऊ म्हणाला आधी रिपोर्टचा नमुना मागव. तूर्त मॅडमना उद्या कळवते असं सांगितलंय.